माझं कार्ड कुठे गेलं?

स्पर्धापरीक्षांच्या वर्गात मी इंग्रजी वाक्यदुरुस्ती शिकवते. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर कार्ड.’ ‘एव्हरी स्टुडंट’ एकवचनी, ‘देअर’ अनेकवचनी. म्हणून मी ‘देअर’ खोडून वर ‘हिज’ लिहिलं. तिने शांतपणे विचारलं, “मॅडम, मग माझं कार्ड कुठे गेलं?” वर्ग हसला. मीही हसले, ‘परीक्षेत हेच बरोबर’ म्हटलं आणि पुढे गेले. खरं तर ‘हिज ऑर हर’ही चाललं असतं. ते मला माहीत होतं, पण लाल शाईला घाई होती.

पुरुषवाचक शब्दात स्त्रिया गृहीत धराव्यात, असं ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेपुरतं १८५० साली ठरवून टाकलं. आपल्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही ती तरतूद आहे. उलट, एका अनाम माणसासाठी ‘दे’ वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडते. जेन ऑस्टिननेही ती वापरली. मी जिला चूक म्हणत होते, ती माझ्या नियमापेक्षा वयाने मोठी निघाली.

मराठी माणसाला खरं तर यात नवल वाटू नये. ‘प्रत्येकाने आपलं कार्ड आणावं’ यातलं ‘आपलं’ कार्डाचं लिंग पाहतं, मालकाचं नाही. ‘सासूबाई आल्या’ म्हणताना एकाच व्यक्तीला आपण अनेकवचन देतोच. अर्थात ‘प्रत्येकाने’ हा शब्द पुल्लिंगीच आहे, तेव्हा आपणही फार शहाणे नाही.

मग नियम सोडून द्यायचे का? नाही. ‘मॅनेजर क्लार्कला भेटला तेव्हा त्याने माफी मागितली.’ कोणी मागितली? इथे सर्वनाम सैल राहिलं तर दोष भलत्याच माणसाच्या माथी बसतो. इथे मी हट्ट धरणारच.

समांतर रचनेचंही तसंच. ‘शी लाइक्स रीडिंग, कुकिंग अँड टु स्विम’ यात मी ‘स्विमिंग’ करते, कारण ‘आणि’ने जोडलेल्या गोष्टी एका रूपात आल्या की वाचणारा अडखळत नाही. पण हे वाक्य पाहा : ‘कंपनीने खर्च कमी केला, यंत्रं विकली आणि माणसं काढली.’ रचना निर्दोष आहे. त्या निर्दोषपणातच माणसं यंत्रांच्या रांगेत जाऊन बसली, आणि तिथे माझी लाल शाई काही बोलत नाही.

म्हणून आता खोडण्याआधी मी स्वतःला विचारते : हा नियम वाचणाऱ्याची समज राखतो, की कोणाची तरी जुनी जागा? पहिला मी नियम म्हणून शिकवते. दुसरा परीक्षेची रीत म्हणून सांगते, कारण मुलांचे मार्क माझ्या तत्त्वांसाठी पणाला लावण्याचा मला अधिकार नाही.

पुढच्या तासाला मी तिची वही मागून घेतली. ‘हिज’ खोडलं, ‘हिज ऑर हर’ लिहिलं, आणि वर्गाला सांगितलं की त्या दिवशीची चूक माझी होती.