तितिक्षा आणि स्त्रीची कैफियत

शंकराचार्यांच्या नावावर चालत आलेल्या विवेकचूडामणीत दुःख प्रतिकारावाचून आणि विलापावाचून सोसणे हे तितिक्षेचे लक्षण म्हणून सांगितले आहे. मुमुक्षू साधकासाठी सांगितलेले हे व्रत आपल्या समाजाने घरातील स्त्रीवर किती सहजपणे लादले, हे बायका ज्याला दबल्या आवाजात 'अंग बाहेर येणे' म्हणतात त्या व्याधीचा विचार करताना विशेष तीव्रतेने जाणवते.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैल पडले म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनिमार्गात उतरू लागतो. बाळंतपणे हे याचे प्रमुख कारण. वाढते वय, ऋतुनिवृत्ती, स्थूलता, जुनाट खोकला, मलावरोध आणि ओझी वाहणे यांची त्यात भर पडते, आणि काहींचे बंध मुळातच दुबळे असतात. यांत पाप कोठे आहे? तरीही प्रपंचासाठी झिजलेल्या देहाचे हे दुखणे पूर्वसंचिताच्या खात्यावर बिनदिक्कत मांडले जाते.

सकाळी बरी असलेली स्त्री दिवसभर उभ्याने राबली की सायंकाळी तिला खाली काही ओघळल्यासारखे वाटते आणि आडवे होताच ते निवळते. कोणाला खोकताना लघवी सुटते, तर कोणाला बोटाने अंग आत सारल्यावाचून ती होतच नाही. शिवाय अवयव किती उतरला यावरून क्लेश किती हे ठरत नाही, आणि म्हणून या दुःखाचा खरा दाखला रुग्णाची स्वतःची कैफियत हाच होय. विलाप निषिद्ध ठरविला की हा दाखलाच नाहीसा होतो, आणि मग दुःख नव्हतेच असे म्हणावयास आपण मोकळे होतो. हा मला घोर अन्याय वाटतो.

साधक उपाय हाताशी असता तो स्वेच्छेने बाजूस सारतो; जिला स्नायूंचे व्यायाम, आत बसवावयाची कडी किंवा गोव्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांसारख्यांनी सिद्ध केलेली शस्त्रक्रिया यांची वार्ताही नाही, तिच्या सोसण्याला तितिक्षा म्हणणे शास्त्रालाही धरून नाही. नेपाळच्या डोंगराळ मुलखात, जेथे अल्पवयातील लग्न, लागोपाठची बाळंतपणे आणि बाळंतिणीच्या पाठीवर लगेच चढणारा भारा यांनी असंख्य स्त्रिया या व्याधीने गांजल्या, तेथे कोणी त्यांना धीराचा उपदेश करून थांबले नाही, तर दाद मागण्यात आली, आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्त्रियांच्या प्रजननविषयक हक्काचा ठरवून उपाययोजना करण्याचे सरकारला फर्माविले.