खंड पडलेला रोजगार आणि मागण्याची लाज

मनुष्याचे काम त्याच्या दोषावाचून सुटले, तर मधल्या काळात त्याचे पोट कोणी भरावे, हा प्रश्न दिसतो तितका केवळ अर्थशास्त्राचा नाही. पैसा कोठून आणावयाचा हे ठरले, तरी मागणाऱ्याने तो कोणत्या नात्याने मागावा हे ठरावयाचे राहतेच. आपल्या समाजात मागणाऱ्याची दोन रूपे चांगली परिचित आहेत : एक भिक्षेकरी, दुसरा धनको. पहिला दुसऱ्याचे मागतो, दुसरा आपले मागतो. म्हणून पहिल्याची मान खाली असते व दुसऱ्याची वर. काम सुटलेला मजूर सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा तो ह्या दोहोंपैकी कोण, ह्याचे सरळ उत्तर देण्याचे आपण आजवर टाळीत आलो आहोत, असे आम्हांस वाटते.

बडनेरा हे गाव बाहेरच्या लोकांस केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. ज्यांस तेथे राहावयाचे आहे त्यांचे वर्ष मात्र कापसाच्या हंगामावर चालते. दिवाळीच्या सुमारास जिन सुरू होतात, रेच्यांची घरघर चालू होते, गठाणी बांधल्या जातात; आणि उन्हाळा तापू लागला, आवक आटली, की तीच माणसे घरी बसतात. ह्यात कोणाचा गुन्हा नाही. मालक दुष्ट नाही, मजूर आळशी नाही. कापूसच संपलेला असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराच्या आजारपणाची, अपघाताची व बाळंतपणाची तरतूद केली. पुढे ह्याच विम्याच्या आश्रयाने बेकारीच्या भत्त्याच्याही योजना निघाल्या. १ जुलै २०१८ पासून अमलात आलेली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना त्यांपैकी एक. परंतु मूळ कायद्याने हंगामी कारखाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले, आणि हंगामी कारखाने म्हणजे कोणते हे सांगताना त्याने साखर, चहा, नीळ ह्यांबरोबर सरकी काढणे व कापूस दाबणे ह्या धंद्यांचा नाव घेऊन उल्लेख केला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम राखला आहे. म्हणजे वऱ्हाडचा जो खास धंदा, तोच नेमका वगळलेला!

ह्या वगळण्यामागे एक तर्क आहे, आणि तो क्षुल्लक नाही. विमा अनिश्चित आपत्तीचा असतो. घराला आग लागेल की नाही हे ठाऊक नसते, म्हणून आगीचा विमा संभवतो. उन्हाळा येणार हे ठाऊक असते, म्हणून उन्हाळ्याचा विमा कोणी उतरवीत नाही. जिनमधल्या मजुराची बेकारी ठरलेल्या महिन्यात येते; तिला आपत्ती कसे म्हणावे? विमेदाराच्या दृष्टीने हे बरोबर आहे. परंतु जी बेकारी अकस्मात येते तिच्यासाठी भत्ता, आणि जी दरसाल न चुकता येते तिच्यासाठी काहीच नाही, हा न्याय जेवणाऱ्याच्या दृष्टीने उफराटा आहे. ठाऊक असलेल्या भुकेने पोट कमी जळते असे नाही. हंगामाच्या मजुरीत बारा महिन्यांची बेगमी होत असती, तर ‘त्याने आधीच साठवावयास हवे होते’ हा उपदेश शोभला असता.

कोणी म्हणेल, ह्यासाठी रोजगार हमी आहे. आहे खरी, आणि महाराष्ट्राने तिचा अभिमान बाळगावा हे योग्यच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून ती निघाली. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाले तर बेकारभत्ता द्यावा, हे तत्त्व त्यात प्रथम आले. पण ती हमी खेड्यांस व ‘क’ वर्गाच्या नगरपालिकांस. केंद्राचा २००५ चा कायदा ग्रामीण कुटुंबांपुरता होता, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी जो कायदा केला, त्यात दिवस १०० चे १२५ झाले तरी ‘ग्रामीण’ ही मर्यादा राहिलीच. बडनेरा अमरावती महानगरपालिकेत आहे. तेव्हा तेथील जिनमधला मजूर हंगामी म्हणून विम्यातून सुटतो आणि शहरी म्हणून हमीतून सुटतो. गावाची वेस ओलांडून एखाद्या खेड्यात राहिला असता तर त्याला निदान अर्ज तरी करता आला असता.

ज्यांस अर्ज करता येतो त्यांचीही वाट सोपी नाही. २०१८ च्या योजनेत विमेदाराने दोन वर्षे सलग विमापात्र नोकरी केलेली असली पाहिजे, वर्गणीच्या प्रत्येक कालखंडात ७८ दिवस भरले असले पाहिजेत, ९० दिवस बेकारीत काढल्यावर मग सरासरी रोजाच्या चौथाई इतकी मदत, तीही जन्मात एकदाच ९० दिवसांपर्यंत, अशा अटी होत्या. आणि मागणी शेवटच्या मालकाच्या हातून पुढे जावयाची असे. ज्याने कामावरून काढले त्याच्याच सहीवर भाकरी अवलंबून ठेवणे ही कल्पना ज्याला सुचली त्याने कधी कोणाच्या दाराशी वाट पाहिली नसावी. २०२० च्या टाळेबंदीनंतर काही काळापुरती ती अट गेली, चौथाईचे निम्मे झाले, ९० दिवसांचे ३० झाले. म्हणजे संकट सर्वांवर एकदम आले तेव्हा सरकारास मागणाऱ्याचा शब्द पुरेसा वाटला. एकट्यावर येते तेव्हा मात्र त्याच्यावर संशय घ्यावासा वाटतो.

हा संशय आपलाच आहे असे नव्हे. इंग्लंडात १९११ साली बेकारीचा विमा सुरू झाला. पण १९२१ पासून मागणाऱ्याने आपण ‘खरोखर काम शोधीत आहोत’ हे सिद्ध करावे अशी अट आली. जेथे काम नाही हे सर्वांस ठाऊक, तेथेही माणसांनी दारोदार हिंडून नकार गोळा करावे असा तिचा परिणाम झाला. १९३० मध्ये ती अट रद्द झाली.

आळसाची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धडधाकट माणसास कामावाचून अन्न घालणे गांधीजींस मान्य नव्हते, आणि सदावर्ताने माणूस खचतो ह्या त्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. पण त्यांचा आक्षेप कामाऐवजी अन्न देण्यास होता. काम मागणाऱ्यास काम नाकारून वर अन्नही नाकारावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. रखरखीत उन्हात खडी फोडण्यास तयार असलेल्या बाईस आळशी म्हणण्यास फार मोठे धैर्य लागते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक पगारदार आहेत. त्यांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून वजा होतात. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसविण्यात आला. ह्या कपातीबद्दल आम्ही आमच्या सहकाऱ्यांच्या खोलीत कुरकुर पुष्कळ ऐकली आहे, क्वचित केलीही आहे. परंतु अर्जित रजेचे पैसे मागताना, अर्धवेतनी रजा घेताना, निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करताना आमच्यापैकी कोणाची मान खाली गेलेली पाहिली नाही. त्या वेळी आपण काम करीत नसतो, तरी पैसा घेतो, आणि तो आपला आहे असे मानतो. बरोबरच मानतो. कारण काम करणाऱ्याच्या विश्रांतीचा व अडचणीचा खर्च हा कामाच्याच किमतीचा भाग आहे. मग हंगाम संपल्यावर घरी बसणाऱ्या मजुराने आणखी सहा महिन्यांनी तोच जिन पुन्हा सुरू करावयाचा असतो, तेव्हा त्या मधल्या महिन्यांत त्याला जगविणे हा कापसाच्या किमतीचा भाग का नसावा?

असे मानले तर पुढचे काम निव्वळ हिशेबाचे उरते. हमीचे क्षेत्र ‘क’ वर्गाच्या नगरपालिकांपाशी थांबवू नये, महानगरपालिकांतील मजूरवस्त्यांपर्यंत आणावे. हंगामी धंद्यांस सबंध वर्षाचा विमा झेपत नसेल तर हंगामापुरती वर्गणी दर गठाणीमागे घ्यावी. हजेरीपट जिनमध्ये असतोच. कोणी किती दिवस भरले ते त्यावरून काढता येईल, आणि मजुराने स्वतःचे दैन्य सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र घेऊन फिरण्याचे कारण उरणार नाही.