अर्धे वचन, अर्धे सत्य



कुणी मदत मागायला दारी आले की कधी कधी आपण म्हणतो, ‘गरिबी काही संपायची नाही, प्रभू येशूनेच तसे सांगितले आहे.’ हात आखडता घ्यायला आपल्याला बायबलचा आधार मिळतो. पण तो आधार खरा आहे का?

मार्कच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय उघडू या. बेथानी गावी एक स्त्री येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते. त्याची किंमत तीनशे दिनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. काही जण कुरकुर करतात. तेव्हा गरीब नेहमीच तुमच्यात असतील, असे येशू सांगतो. पण त्याच दमात, मनात येईल तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता, असेही सांगतो. हे दुसरे आपण गाळतो. शिवाय जुन्या करारात, अनुवाद १५:११ मध्ये, गरीब देशात राहणारच, म्हणून त्यांच्यासाठी हात सैल सोडा, अशी आज्ञाच आहे.

लेखकाला काय सांगायचे होते ते शोधावे आणि प्रत्येक उतारा संपूर्ण शास्त्राच्या प्रकाशात वाचावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिकवले. हा नुसता अभ्यासाचा नियम नाही, प्रामाणिकपणाचा आहे. शेजाऱ्याचे अर्धेच बोलणे चारचौघांत सांगणे हा आपण अन्याय मानतो. मग देवाच्या शब्दाचे काय?

या आठवड्यात आपल्या आवडीचे एक वचन घेऊ या आणि त्याचा संपूर्ण अध्याय वाचू या. ते आपली बाजू घेते की आपल्याला जागे करते, हे पाहू या.