हळू चालणाऱ्याच्या चालीने

शास्त्रवाचन : उत्पत्ती ३२:३१, ३३:१२–१४



ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत आणि ज्यांचे स्वतःचे गुडघे आता कुरकुरू लागले आहेत, अशांसाठी हे चार शब्द लिहीत आहे. उतारवयात माणसाने रोज चालावे काय? डॉक्टर म्हणतील, अवश्य चालावे. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो आपण प्रभूपुढे बसून स्वतःलाच विचारायचा आहे. म्हातारा माणूस हळू चालतो; त्याच्याबरोबर कोणी चालायचे?

आमचे कुटुंब नोकरीच्या निमित्ताने माळव्यात आले व देवास जिल्ह्यातील बागली येथे राहिले. काली सिंध नदी याच तालुक्यात उगम पावते आणि उत्तरेस चंबळेकडे जाते. माझे वडील सेवानिवृत्त झाल्यावर रोज सकाळी गावाबाहेरच्या शेतांपर्यंत चालत जात. वाटेत भेटेल त्याची चौकशी करीत, कोण आजारी आहे ते कळले की घरी आल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करीत. त्यांच्या ७६ व्या वर्षी, एका पावसाळ्यात, काळ्या चिकट मातीत त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण मी घाबरलो. "बाबा, आता एकट्याने बाहेर पडायचे नाही. कुठे जायचे असले तर मला सांगा, मी स्कूटरवर सोडीन," असे मी बजावले. "बरं बाबा," एवढेच ते म्हणाले.

ते मला क्वचितच सांगत, कारण मी कामात असे. पावसाळा सरला, दिवाळी गेली, आणि नाताळच्या सुमारास माझ्या ध्यानात आले की बाबांना खाटेवरून अंगणात येण्यासही भिंतीचा आधार लागतो. त्यांनी कुरकुर केली नाही. मात्र त्यांच्या प्रार्थनेतली नावे कमी झाली होती. मी त्यांना पडण्यापासून वाचवले होते, आणि त्याबरोबर त्यांचे पाय व त्यांचा शेजारही काढून घेतला होता. मी जिला काळजी म्हणत होतो, ती प्रीती होती की माझी सोय?

काही सात्त्विक मंडळी म्हणतील, देह नाशवंत आहे, म्हातारपणी त्याचे लाड कशाला? पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:८) शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आहे, असे म्हटले आहे. पण थोडा म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. आणि करिंथकरांस तोच पौल सांगतो की आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथ ६:१९). मंदिर जुने झाले म्हणून कोणी त्याची झाडलोट थांबवीत नाही. भक्तीच्या जागी व्यायाम बसवणे ही चूक, तशीच देवाने सोपवलेल्या देहाची हेळसांड करणे हीही चूक.

आता वैद्यकाचे थोडे ऐकू. वापरले नाहीत तर पायांचे स्नायू म्हातारपणी फार लवकर झिजतात. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक रक्त वर हृदयाकडे ढकलीत असतात. चालणे सुटले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते, आणि भीतीने चालणे आणखी सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील लोकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि शिवाय तोल व ताकद राखणारे व्यायाम सुचवले. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी जमेल तेवढे करावे, असेही तीत आहे. रोज दहा हजार पावले हवीत ही समजूत १९६० च्या दशकात जपानात विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून पसरली. २०१९ साली अमेरिकेतील सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले.

चाल किती असावी? चालताना बोलता यावे, पण गीत म्हणता येऊ नये, एवढी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम लागला तर थांबावे व डॉक्टरांस दाखवावे. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल वा बूट असावेत, आणि काठीची लाज धरू नये. उन्हाळ्यात ऊन तापण्यापूर्वी घरी परतावे.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या काठाने परिक्रमा करणारे लोक, त्यांत पिकल्या केसांचेही, शेकडो कोस पायी जातात. विनोबा भावे यांनी १९५१ साली भूदानाची पदयात्रा सुरू केली तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. १९६० साली चंबळेच्या खोऱ्यातून पुढे ते इंदूरला आले तेव्हा ६४ वर्षांचे. अशा माणसांबद्दल आदर वाटतोच. पण आपण चालण्याने पुण्य जोडत नाही, तारण तर कृपेनेच आहे. आणि आपल्या घरातल्या आजीला विनोबांचे माप लावणे हा अन्याय होईल. तिला बर्जिल्लय जवळचा आहे. तो ८० वर्षांचा गिलादी दावीद राजाबरोबर यार्देनेपर्यंत आला. राजाने यरुशलेमेस बोलावले, तेव्हा आपण थोडेसेच बरोबर येऊ, असे त्याने नम्रपणे सांगितले, आणि नदी ओलांडल्यावर राजाचा निरोप घेऊन तो घरी परतला (२ शमुवेल १९). त्याचे ते थोडेसे चालणे पवित्र शास्त्राने नोंदून ठेवले आहे.

आता आजचा शास्त्रभाग पाहा. याकोब रात्रभर झगडला आणि सकाळी लंगडत निघाला. थोड्याच वेळाने चारशे माणसांसह आलेला एसाव त्याला म्हणतो की चला, बरोबर जाऊ. याकोबाचे उत्तर असे की मुले कोवळी आहेत, जनावरे दुभती आहेत, एक दिवस जरी दामटले तरी ती मरतील. म्हणून मी त्यांच्या चालीने हळूहळू येईन. यात याकोबाची थोडी चतुराई होती, कारण पुढे तो सेईरास गेलाच नाही. तरीही त्याच्या तोंडून निघालेले तत्त्व खरे आहे. कळपाची चाल सर्वांत अशक्ताने ठरवायची असते. आणि हे त्याला स्वतः लंगडू लागल्यानंतर सुचले, हे विसरू नये.

आपल्या मंडळ्यांत चाल कोण ठरवतो? उपासना संपली की तरुण मंडळी मोटारसायकलींवर निघून जातात आणि म्हातारी माणसे पायरीवर कोणाची तरी वाट पाहत बसतात. वाहनाने पोहोचवणे हीही सेवाच. पण आठवड्यातून एक दिवस अर्धा तास त्यांच्या चालीने चालणे ही त्याहून कठीण सेवा आहे, कारण तीत आपला वेळ द्यावा लागतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मोठ्या मुलांना दोघादोघांनी एकेका आजीआजोबांबरोबर फिरायला पाठवा. बोलता येईल एवढ्याच चालीने जायचे असल्यामुळे गोष्टी आपोआप निघतील. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे बोलत चालले होते, आणि उठलेला प्रभू त्यांची चाल धरून बरोबर चालला.

आणि वडीलधाऱ्यांनो, तुमचेही कर्तव्य आहे. "माझे आता काय राहिले?" असे म्हणून खाट धरू नका. सोबत मागण्यात कमीपणा नाही. तुम्ही मागितलीत, तर आम्हांला आमची चूक सुधारण्याची संधी मिळेल.

मला ती संधी मिळाली. नव्या वर्षापासून मी रोज बाबांचा हात धरून निघू लागलो. आधी अंगणापर्यंत, मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. शेतांपर्यंत ते पुन्हा कधी पोहोचले नाहीत. पण कोपऱ्यावर ओट्यावर बसून ते लोकांची विचारपूस करीत, आणि प्रार्थनेत पुन्हा नावे येऊ लागली. त्या दोन वर्षांत मी त्यांच्याशी जेवढे बोललो, तेवढे आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. मला सवड आधीही काढता आली असती, ही टोचणी आजही आहे.

प्रभू आपणां सर्वांस हळू चालण्याचे धैर्य देवो. आमेन.