बार वाजला नाही, तेव्हा

20 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे ठाण्यातल्या समतानगरच्या कोरम मॉलमध्ये सीसीटीव्हीवर बिबट्या दिसला. येऊरच्या डोंगराकडून भरकटत आलेलं ते जनावर पुढे पोखरण रोडवरच्या एका हॉटेलच्या तळघरात शिरलं आणि बघता बघता रस्त्यावर जत्रा भरली. पोलिस, वनखातं, कॅमेरे, गच्च्यांवरून वाकलेली डोकी. एवढ्या गलक्यात सगळ्यात हळू काही वाजलं असेल तर ती बंदूक. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकानं भुलीची सुई मारली आणि काही तासांचं ते नाट्य संपलं.

भुलीच्या बहुतेक बंदुकांत दारूचा स्फोट नसतो. दाबलेली हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सुईला ढकलतो. हा हळूपणा जनावराच्या भल्याचाच असतो, कारण दचकलेल्या, पिसाळलेल्या बिबट्याला भूल लवकर चढत नाही आणि औषधही जास्त लागतं. पण आवाज दाबलेल्या बंदुका काही फक्त झोपवायला बनत नाहीत.

इंग्लंडच्या शेतांवर ससे आणि उंदीर मारायला ‘पॉइंट फोर टेन’ नावाची लहान नळीची छऱ्याची बंदूक वापरतात, आणि तिच्या नळीला आवाज मारणारं नळकांडं बसवतात. छऱ्याच्या बंदुकांची मापं मोठी गमतीची आहेत. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा करायचा आणि असे किती गोळे मिळून एक पौंड भरतो ते मोजायचं. बारा भरले तर बंदूक बारा बोरची. म्हणजे आकडा मोठा तर नळी लहान. फोर टेन या हिशेबात बसत नाही, तिचं नाव सरळ नळीच्या व्यासावरून पडलं आहे: इंचाचे 410 हजारांश, साधारण साडेदहा मिलिमीटर. बारा बोरच्या काडतुसात 28 ते 32 ग्रॅम छरे असतात, हिच्या काडतुसात 12 ते 19. छरे आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरपेक्षा, हळू सुटतील अशी काडतुसं घातली आणि पुढे नळकांडं लावलं की बार होतो तो दार आपटल्यासारखा.

हे नळकांडं 1909 मध्ये हिराम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसानं पेटंट करून घेतलं. त्याचे वडील हिराम मॅक्सिम, मशिनगनचे जनक. बापानं बंदुकीला न थांबता बोलायला शिकवलं, मुलानं तिच्या तोंडावर हात ठेवला. वायूला एकामागून एक कप्प्यांतून फिरवत थंड आणि संथ करायचं, हे तत्त्व मोटारीच्या सायलेन्सरलाही लागू पडतं. आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की बुलेट मोटारसायकल आठवते, ती या नात्यानं.

अशी बंदूक निवडणाऱ्याकडे कारणं असतात, आणि ती खोटी नसतात. छऱ्याच्या बंदुकीचा बार कानाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो, वर्षानुवर्षं ऐकला तर कान जातात. गोठ्यातली जनावरं बुजतात. शेजाऱ्याची झोप मोडते. पण ही सगळी कारणं माणसांची आणि माणसांच्या गुरांची. ज्याच्यावर नेम धरलेला असतो त्याच्यासाठी त्यातलं एकही नाही. प्रश्न इथे सुरू होतो: मारण्याचा आवाज कमी केला, तर हिंसा तसूभर तरी कमी होते का?

भारतीय कायद्याचं उत्तर कडक आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा चमक कमी करणारा जोडभाग धरलेला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ते रिकामं नळकांडंही बंदूकच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची व्याख्या त्याहून रुंद आहे. ठार मारणं, विष घालणं, फास लावणं, हाका घालणं, सगळं तिच्यात येतं. आवाज झाला की नाही, याला तिथे किंमत नाही.

गावाच्या लेखी मात्र आवाजाला फार किंमत आहे. कोकणात शेतीसंरक्षणाचे बंदूक परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, आणि निवडणूक लागली की या बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात म्हणून सिंधुदुर्गातले शेतकरी दर वेळी कुरकुरतात, कारण रानडुकरांना आचारसंहिता माहीत नसते. अशा मुलुखात रात्री बार झाला की अंथरुणावरची माणसं कान टवकारतात. कुठल्या अंगाला झाला, कोणाची बंदूक, डुक्कर की आणखी काही? बार ही एक प्रकारची जाहीर कबुली असते. मारणाऱ्यानं काहीतरी केलं आहे, हे आसमंताला कळतं. नळकांडं नेमकी ही साक्ष काढून घेतं.

आपल्या जुन्या कथांत आवाज न करता मारणारे बरेच आहेत. महाभारताच्या वनपर्वातला कौशिक ब्राह्मण तर सगळ्यांवर कडी करतो. झाडाखाली वेद म्हणत बसला असताना वरून बगळीनं घाण केली. त्यानं रागानं वर पाहिलं आणि ती मरून खाली पडली. ना दारू, ना बाण, नुसती नजर. याहून मूक हत्यार कोणत्या कारखान्यात बनेल? गोष्टीतला खरा झटका पुढे आहे. एका घरी भिक्षेला गेल्यावर गृहिणीनं थांबवून ठेवलं म्हणून तो तापला, तेव्हा ती बाई त्याला सुनावते की मी काही बगळी नव्हे. रानात कोणीही न पाहिलेली ती हत्या तिला ठाऊक होती. आवाज झाला नाही म्हणून साक्षीदार नाही, हा हिशेब व्यासांनी एका स्वयंपाकघराच्या दारात खोटा ठरवला.

ती बाई त्याला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे पाठवते. हा व्याध डुकराचं आणि म्हशीचं मांस विकतो, स्वतः मारत मात्र नाही. मांस विकणं हे घोर कर्म आहे हे तो मान्य करतो, पण शेतकऱ्यालाही सोडत नाही. नांगरानं जमिनीतले किती जीव मरतात, चालणाऱ्याच्या पायाखाली किती, असं तो विचारतो आणि पूर्ण अहिंसक कोणीच नाही या निष्कर्षाला येतो. नांगराचा फाळ तर कोणत्याही बंदुकीपेक्षा शांत. भाताचं आवण डुकरांनी एका रात्रीत उखडलेल्या शेतकऱ्याला पापी म्हणण्याआधी ताटातला भात कुठून आला हे पाहावं, एवढं या व्याधाचं ऐकायलाच हवं. जैन विचारानं आणखी नेमकं बोट ठेवलं आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्राण घेण्याआधी प्रमाद येतो, म्हणजे बेसावध, बेफिकीर मन. आवाज त्या व्याख्येत कुठेच नाही.

दशरथाची गोष्ट तर आवाजाचीच. शब्दवेधी बाणाच्या गर्वात त्यानं अंधारात घागर बुडण्याचा आवाज हत्तीचा समजला. पण त्यापुढचं लोक विसरतात. तो जवळ गेला, बाण पाणी भरणाऱ्या मुलाला लागला आहे हे त्यानं पाहिलं, आणि त्या मुलाच्या आंधळ्या आईबापांकडे ते पाणी घेऊन स्वतः गेला.

लहान नळीच्या बंदुकीत एक विचित्र पेच आहे, तो इथे आठवतो. छरे थोडे, म्हणून पल्ला तोकडा. बारा बोरनं पस्तीस मीटरवर जमतं ते फोर टेनला वीस-पंचवीस मीटरवर करावं लागतं. त्यापुढे मारलं तर जनावर मरत नाही, जखमी होऊन झुडपात जातं आणि तिथे दोन दिवस कुढतं. म्हणजे ही बंदूक शेजाऱ्यापासून लपवते, पण जनावराच्या जवळ नेते. त्याचा डोळा दिसेल इतक्या जवळ. तेवढं जवळ जायची आणि जे पडलं ते जाऊन पाहायची तयारी नसेल, तर शांत बंदूक घेऊ नये. मोठ्या आवाजाचीही घेऊ नये.

मुंबईत याचा एक नमुना आहे. सलीम अली लहानपणी खेतवाडीत एअरगन घेऊन चिमण्या मारत. तबेल्यातल्या एका घरट्याजवळ त्यांनी नर टिपला, तर मादीनं दुसरा आणला. सात दिवसांत त्यांनी आठ नर मारले, आणि ही नोंद त्यांनी पुढे छापलीही. दारूची बंदूक असती तर पहिल्याच बाराला घरातलं कोणीतरी कान पकडून आत घेऊन गेलं असतं. त्याच एअरगननं 1908 च्या सुमारास एक वेगळी चिमणी पडली, गळ्यावर पिवळा डाग असलेली. असा अनोळखी पक्षी खाणं मुसलमानाला चालतं का, अशी त्या मुलाला शंका आली. ती शंका घेऊन तो मामांकडे गेला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं आणि भारताला पक्षितज्ज्ञ मिळाला. हाताशी आलेला पक्षी उलटून पाहण्याचं कारण, मुळात, धर्माचा प्रश्न होता.

मराठीतल्या पहिल्या गद्यग्रंथात, म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात, पारध्यांची एक लीळा आहे. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या गुडघ्याखाली येऊन दडतो. पारधी तो परत मागतात. चक्रधर त्यांच्याशी बोलत बसतात, रानात राहून गवत खाणाऱ्याला का मारायचं असं विचारतात, आणि शेवटी पारधी निघून जातात. तिथे कोणीच आवाज चढवत नाही.

येऊरच्या बाजूला आज भीती बंदुकीपेक्षा तारेची आहे. गाडीच्या ब्रेकची तार, एक गाठ, आणि लावणारा घरी जाऊन झोपतो. संजय गांधी उद्यानाच्या पलीकडच्या अंगाला, गोरेगावच्या फिल्मसिटीत, अशा फाशानं बिबट्याचा जीव गेलेला आहे. डुकरासाठी लावलेला फास कोणासाठी लावला ते विचारत नाही. फास हे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात शांत आणि सगळ्यात बेफिकीर हत्यार, कारण ते चालतं तेव्हा मारणारा तिथे नसतो.

पोखरण रोडवरच्या तळघरातली सुई याच्या नेमकी उलट. भूल दिलेल्या बिबट्यापासून पशुवैद्याला हलता येत नाही. डोळे उघडेच राहतात म्हणून त्यांवर फडकं टाकावं लागतं, श्वास मोजावे लागतात, अंगाचा ताप पाहावा लागतो, आणि जनावर शुद्धीवर येईपर्यंत कोणालातरी पिंजऱ्याशी जागावं लागतं.