चौकटीलगतची रेघ

लोणी काळभोरातल्या आपल्या घरी दुपारी जरा निवांत बसा आणि दाराच्या चौकटीकडे बघा. लाकूड भिंतीला टेकतं तिथं गिलाव्यात बहुधा एक बारीक उभी रेघ असते. पुट्टी भरली, रंग दिला, तरी ती उन्हाळ्यात परत उघडते. आज ती बुजवू नका. नखाची कड तिच्यावर ठेवा आणि हळूहळू खाली आणा.

नखाच्या एका अंगाला सागवान आहे. त्याचे तंतू उभे. तंतूंच्या दिशेनं ते जवळजवळ आटतच नाही. आडवं मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दुसऱ्या अंगाला वीट आणि सिमेंट, त्यांची तऱ्हा निराळी. लाकूड शाबूत आहे, वीटही शाबूत आहे. सुटलाय तो फक्त सांधा. इथं थोडं थांबा.

आता रेघ जिथं दिसेनाशी होते तिथं नख न्या. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातल्या भेगेचं गणित एम. एल. विल्यम्स यांनी 1959 साली मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढे खडकांतले प्रस्तरभंगही होते. टोकाच्या अगदी जवळ ताण नुसता वाढत नाही, हेलकावे खातो, असं त्यातून निघालं. अशा सांध्याला सरळ ओढलं तरी दोन्ही बाजू थोड्या घसरू पाहतात, कारण त्या सारख्या ताणल्या जात नाहीत. उघडणं आणि घसरणं वेगळं काढता येत नाही.

तुमच्या नखाखालची भेग वर्षानुवर्षं रेंगाळते. पण भेग धावतेही. एकजिनसी काचेत वेग वाढला की तिला फाटे फुटतात. कमकुवत सांध्यात तिची वाट आधीच आखलेली असते. 1990 च्या दशकात कॅल्टेकमध्ये आरेस रोझाकिस आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टिक आणि पोलादाच्या जोडात भेग प्लॅस्टिकमधल्या कातरलहरीपेक्षाही, म्हणजे पदार्थाला आडवं हलवत जाणाऱ्या लहरीपेक्षाही, वेगानं जाताना टिपली.

बाहेरचा सोलापूर रस्ता पुढं उमरग्याकडे, किल्लारीच्या मुलखात जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तिथल्या जाडजूड भिंती कोसळल्या. आत एक दगडी थर, बाहेर एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. थर एकमेकांपासून सुटले, आणि वरच्या माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेले. मला हे आजही सोसत नाही, कारण उपाय गवंड्याच्या हातातला होता. पुढे, भूकंपात तगलेल्या भिंतींना भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरलं गेलं. दगडी घरांसाठीचं भारतीय मानकही 1993 चंच: भिंतीच्या रुंदीएवढा लांब दगड, उंचीत दर दोन फुटांना, लांबीत चार फुटांच्या आत.