संशयाचा अधिकार

कार्यालयात आमचे टेबल आस्थापना शाखेत आहे. एखाद्याच्या हातून चूक झाल्याचा अहवाल आला, की प्रथम त्यास ज्ञापन द्यावयाचे, त्यात आरोप नेमक्या शब्दांत मांडावयाचा, आणि त्यास आपले म्हणणे सांगण्याची संधी दिल्यावाचून शिक्षेचा विचार करावयाचा नाही, ही १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांतील रीत आम्हांला तोंडपाठ आहे. असे असता गेल्या उन्हाळ्यात, दिल्लीतील आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आम्ही एका एकवीस वर्षांच्या मुलावर आरोप ठेवला, चौकशी केली नाही आणि निकाल दिला. प्रकरण क्षुल्लक होते: घरातला संगणक वारंवार बंद पडत असे.

मुलगा आमचा पुतण्या. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी गावाहून आलेला. तो आल्यावर दुसऱ्याच महिन्यात संगणकाचा पडदा एकाएकी निळा होऊ लागला. सकाळी आम्ही पत्रे टाइप करीत असता हे कधी घडत नसे. रात्री तो व्याख्याने पाहावयास बसला की घडे. त्याने घातलेले सर्व प्रोग्राम आम्ही काढून टाकले, विंडोज नव्याने बसविली; त्यात तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या रात्री पुन्हा निळा पडदा. "तू काहीतरी नको ते उघडतोस," आम्ही म्हणालो. "नाही हो काका," एवढेच तो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्याने मित्राबरोबर मुखर्जीनगरात खोली घेतली. शिकवणीचा वर्ग जवळ पडतो, असे कारण त्याने दिले. तेही खरे असेल. तो गेला आणि संगणक बंद पडेनासा झाला. आमचा निकाल आम्हांला पुराव्यानिशी सिद्ध झाल्यासारखा वाटला.

दिवाळीनंतर आम्ही शेकडो छायाचित्रे एकदम उघडून निवडीत होतो, तोच पडदा आमच्याच डोळ्यांपुढे निळा झाला.

मग मात्र आम्ही पेटी उघडली. धूळ झाडली, स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्यांची सोनेरी टोके खोडरबराने घासली, कारण दुरुस्तीवाल्यांचा तोच पहिला उपाय. गुण आला नाही. तेव्हा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम रात्रभर चालविला. तो विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालतो. स्मृतीच्या घराघरांत ठराविक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी होत्या. दोष खोबणीचाही असू शकतो, म्हणून दोन्ही पट्ट्या एकाच खोबणीत आळीपाळीने बसवून पाहिल्या. एक निर्दोष निघाली. दुसरी दर वेळी त्याच जागी चुके. असता घडते, नसता घडत नाही: आपल्या नैयायिकांचे अन्वय आणि व्यतिरेक ते हेच.

पण येथेच आम्ही थबकलो. हे दोन्ही पुतण्याच्या बाबतीतही होतेच की! तो असता घडत होते, नसता घडत नव्हते. मग तो तर्क खोटा आणि हा खरा कशावरून? हलक्या कामाला स्मृती थोडी लागते. आमची पत्रे त्या किडलेल्या घरापर्यंत पोहोचतच नसत. त्याची व्याख्याने, टिपणे आणि दहा खिडक्या मिळून स्मृती भरीत आणि पाऊल नेमके तेथे पडे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते म्हणतात. येथे ती नुसती गाठही नव्हती. फांदी आधीच किडलेली होती आणि कावळा आमच्यापेक्षा जड होता, इतकेच. आम्ही माणूस बदलून पाहिला, काम बदलून पाहिले नाही. त्याची व्याख्याने आम्ही एक रात्र लावली असती, तरी पुरे होते.

२००३ साली बेल्जममधील स्कारबेक येथे मतमोजणीच्या यंत्राने एका उमेदवारास ४०९६ मते अधिक दिली. मिळणे शक्यच नव्हते इतकी मते पडलेली पाहून फेरमोजणी झाली. स्मृतीतला एकच अंक उलटला असावा, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे. दोनाचा बारावा घात ४०९६ होतो. आमच्या घरी फेरमोजणी कोणी मागितली नाही.

कोणी म्हणेल, संशय सकारण होता, मग अपराध कसला? संशय येणे हा अपराध नव्हे, हे आम्हांलाही मान्य आहे. तो काही विचारून येत नाही. अपराध फाइल मिटविण्यात होता. ज्ञापन दिले असते तरी त्या मुलाला उत्तर काय देता आले असते? यंत्राविषयी त्याला आमच्याहून कमीच कळे. पण ज्ञापनाचा अर्धा उपयोग आरोप करणाऱ्यासाठी असतो, हे इतकी वर्षे ती लिहूनही आमच्या ध्यानी आले नव्हते. "नको ते" म्हणजे नेमके काय, हे लिहावयास बसलो असतो, तर लेखणी तेथेच अडली असती.

रविवारी त्याला बोलावून सारे सांगितले. तो म्हणाला, "काका, मला वाटत होतं, माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. मित्राच्या लॅपटॉपला मी अजून हात लावीत नाही." ह्या वाक्याची तयारी आम्ही केलेली नव्हती. आम्ही क्षमा मागितली. ती त्याने संकोचाने घेतली, आणि चकल्या उरल्या आहेत काय, असे आत जाऊन काकूला विचारले.